अंजनीचा फणस

एका पत्राचं उत्तर परसूआप्पांनी दिलं नव्हतं. त्याला अठ्ठावीस वर्षं झाली. निळं अंतर्देशीय पत्र होतं ते, निपाणीचा शिक्का असलेलं. घड्या उघडून-मिटून आता कापडासारखं मऊ झालं होतं. उघडून बघायची गरजच नव्हती, मजकूर पाठ होता. तरी वर्षातून तीन-चारदा आप्पा ते उघडत, शेवटपर्यंत वाचत आणि जिथलं तिथं ठेवत.

‘वकीलसाहेबांच्या कारकुनास निपाणीहून जयाबाईचा नमस्कार. आमचे बाबा महादेव, राहणार उचगाव, यांनी तुमच्या हापिसात मृत्युपत्र केलं होतं. ते गेल्या साली वारले. भाऊ म्हणतो, बाबांनी त्यात तुझं नावसुद्धा घेतलं न्हाय. मला जमीन नको, घर नको. बघून एवढंच कळवा, माझं नाव त्यात हाय का न्हाय. वाट बघते.’

पत्र आलं त्याच दिवशी आप्पांनी मृत्युपत्राची ऑफिसातली प्रत काढून बघितली होती. अक्षर त्यांचंच होतं. महादेव बोलत गेले होते आणि आप्पा लिहीत गेले होते. मुलगा रवळू, त्याला शेत आणि घर. मुलगी अंजनी, तिच्यासाठी एक ओळ. जया कुठंच नव्हती. आप्पांनी कागद दोनदा वाचला, मागची बाजू बघितली, साक्षीदारांच्या सह्यासुद्धा वाचल्या. मग त्यांच्या मनानं घेतलं की म्हाताऱ्याला दोन लेकी असणार. एक आठवली, दुसरी राहिली.

त्यांनी उत्तर लिहायला घेतलं. ‘आपलं नाव मृत्युपत्रात’ इथपर्यंत लिहिलं आणि लेखणी थांबली. पुढचा शब्द दोनच अक्षरांचा होता, पण तो हातातून उतरेना. दुसऱ्या दिवशी नवा कागद घेतला, तिसऱ्या दिवशी आणखी एक. मग पत्र अकराव्या वहीत गेलं आणि तिथंच राहिलं.

या वह्या म्हणजे आप्पांचा जन्म. बेळगावच्या टिळकवाडीतल्या त्या वकिली ऑफिसात ते विसाव्या वर्षी कारकून म्हणून लागले, आणि आता एक्काहत्तरी आली तरी रोज सकाळी अनगोळहून चालत येत. बावीस वह्यांत त्यांनी ऑफिसातल्या सगळ्या कागदांची यादी ठेवली होती. यादीची रीत मात्र जगावेगळी होती. दाव्याच्या नंबरानं नाही, पक्षकाराच्या नावानंही नाही. भांडण ज्या वस्तूवरून झालं त्या वस्तूच्या नावानं. बांध, वाट, विहीर, पन्हळ. ‘क’मध्ये एका कोंबड्याचीही नोंद होती. माणूस नंबर विसरतो, भांडण विसरत नाही, असं त्यांना आपलं वाटायचं. ही रीत बरोबर की चूक हे त्यांनी कधी कुणाला विचारलं नाही. चूक असेल अशी भीती होती.

पूर्वी शिकाऊ वकील त्यांच्या टेबलापाशी येऊन उभे राहायचे. ‘आप्पा, ते पन्हळीचं प्रकरण?’ आप्पा डोळे मिटायचे. डोळ्यांपुढं कपाटं उभी राहायची, त्यांची दारं आपोआप उघडायची. ‘तिसरं कपाट, खालनं दुसरा कप्पा, लाल दोरीत.’

दोन वर्षांपासून टेबलापाशी कुणी येईना. मोठे वकीलसाहेब वारल्यावर त्यांची नात सौम्या ऑफिस बघू लागली आणि तिनं एआय आणलं. बेळगाव, खानापूर आणि निपाणी या तिन्ही ऑफिसांतले कागद स्कॅन होऊन त्याच्या पोटात जाऊ लागले. मराठी, कन्नड, इंग्रजी, सगळं. आता पोरं स्क्रीनसमोर बसून साध्या बोलण्यात प्रश्न लिहितात आणि ते उत्तर देतं, कुठल्या कागदाच्या कुठल्या पानावर आहे तेही दाखवतं. पूर्वी जे काम तीन दिवसांचं होतं ते चहा निवायच्या आत होतं.

आप्पांना त्याचा राग आला नव्हता. पाहुणे निघून गेल्यावर घर कसं वाटतं, तसं काहीसं त्यांना वाटे. कधी कधी ते पोरांच्या पाठीमागं जाऊन उभे राहत. काळ्या पडद्यावर अक्षरं एकामागून एक उमटत यायची, नदीत सोडलेल्या दिव्यांसारखी, आणि आप्पांना वाटायचं, हे कुणीतरी आपल्याच डोक्यातून वाचतंय.

फाल्गुनातल्या एका शुक्रवारी सौम्या त्यांच्या टेबलाशी येऊन बसली.

“आप्पा, आता तुमच्या वह्या द्या.”

“त्यात काय हाय गं? माझं खरडणं.”

“ते खरडणंच पाहिजे त्याला. कागद त्याला वाचता येतोय. पण कुठला कागद कुठल्या कागदाचा पाव्हणा, ते तुमच्या वह्यांतच हाय.”

“चुका असतील.”

“असू देत की. आमच्यात काय कमी हायत?” सौम्या हसली. “आणि भिऊ नका. ते तुमच्या खुर्चीवर बसत न्हाय. त्याला चहा लागत न्हाय, तुम्हाला लागतोय. ऑफिसात चहा पिणारं कुणीतरी पाहिजे.”

आप्पांनी वह्या काढल्या. एक, दोन, तीन. अकराव्या वहीपाशी हात थांबला. आजूबाजूला कुणी बघत नाही असं बघून त्यांनी निळं पत्र काढलं आणि सदऱ्याच्या खिशात घातलं.

दुपारभर वह्या स्कॅन होत होत्या. झाकणाखालून उजेडाची एक पट्टी या टोकाकडून त्या टोकाकडं जाई, बंद दारामागून कुणी कंदील घेऊन चाललंय अशी. बाहेर उन्हानं रस्ता पांढरा झाला होता. आप्पांची पापणी जड झाली. त्यांना दिसलं, कपाटांतून माणसं बाहेर येताहेत. बांधावरून भांडलेले दोघे भाऊ, विहिरीवाली म्हातारी, काखेत कोंबडा घेतलेला एक गृहस्थ. सगळी रांगेनं त्या उजेडातून पलीकडं चालली होती. सर्वांत मागं एक बाई होती. तिचं तोंड दिसत नव्हतं. ती उजेडापर्यंत आली आणि थांबली, कारण तिचा कागद रांगेत नव्हता. तो आप्पांच्या खिशात होता.

ते दचकून जागे झाले. मशीन दहाव्या वहीची शेवटची पानं घेत होतं. अकरावी वही काचेवर ठेवायची वेळ आली तेव्हा आप्पा उठले आणि त्यांनी आधी ते पत्र काचेवर ठेवलं.

“हे काय हो आप्पा?” सौम्यानं विचारलं.

“उत्तर द्यायचं राहिलंय.”

“कधीचं?”

“तू दोन वर्षांची होतीस.”

सौम्यानं पत्र वाचलं. खुर्ची ओढून तिनं स्क्रीनवर प्रश्न लिहिला, महादेव यांच्या मृत्युपत्रात जयाबाईचं नाव आहे का? अक्षरं उमटली. ‘नाही. या मृत्युपत्रात जयाबाई नावाच्या व्यक्तीचा उल्लेख आढळत नाही. मुलगा रवळू आणि मुलगी अंजनी यांचा उल्लेख आहे.’

अठ्ठावीस वर्षं जो शब्द आप्पांच्या हातून उतरला नव्हता तो त्यानं अगदी सहज लिहिला. आणि नवल म्हणजे आप्पांना त्याच्याविषयी पहिल्यांदाच आपुलकी वाटली. कागदात जेवढं दिसतं तेवढंच तेही सांगत होतं, आपल्यासारखंच.

“मग तसं कळवायचं की,” सौम्या म्हणाली. “भाऊ खरं सांगत होता.”

“मला लिहवत न्हाय.”

“आप्पा, आलेल्या पत्राला उत्तर गेलंच पाहिजे, हा आज्जोबांचा नियम. तुम्हीच मला शिकवलाय. सोमवारपर्यंत तुम्ही लिवा, न्हायतर मी टाईप करून पाठवते.”

आप्पा मान हलवून घरी गेले. सोमवार म्हणजे दोन दिवस. एक बाई अठ्ठावीस वर्षं वाट बघतेय आणि सोमवारी तिला कळणार की बापानं आपलं नाव घेतलं नव्हतं. आणि ते कळवणार कोण, तर ज्याच्या हातानं ते मृत्युपत्र लिहिलं गेलं तोच.

घरी त्यांची बायको मंगल भाजी निवडत बसली होती. फोन पलीकडं, चार्जिंगला. तो वाजला तशी ती म्हणाली, “बघा हो कोण हाय.” आप्पांनी फोन उचलला. खानापूरहून मेहुणे शामूअण्णा बोलत होते.

“मनू हाय का?”

“हाय की,” असं म्हणून आप्पांनी फोन बायकोच्या हातात दिला आणि ते तसेच उभे राहिले.

मनू. पन्नास वर्षांपूर्वी लग्नाच्या दिवशी ताटात तांदूळ पसरले होते आणि आप्पांनी अंगठीनं त्यात बायकोचं नवं नाव लिहिलं होतं. मंगल. पुस्तकात कुठंतरी वाचलेलं, आवडलेलं. अक्षर चांगलं आलं म्हणून पाहुण्यांनी कौतुक केलं होतं. त्या तांदळाखाली मनू गेली. पण ती सासरकडच्यांसाठी गेली. माहेरच्यांच्या तोंडी ती मनूच राहिली. तिच्या वडिलांनी शेवटची हाकसुद्धा मनू म्हणूनच मारली होती.

शामूअण्णांचं बोलणं संपायची आप्पांनी कशीबशी वाट बघितली.

“तुझ्या वडिलांनी कागद केला असता तर त्यात काय लिहिलं असतं? मंगल का मनू?”

“आमच्या बाबांनी? मनू. त्यास्नी मंगल कोण ते तरी ठावं होतं का!” मंगलनं मेथीची जुडी आपटून माती झाडली. “पन्नास वर्षं दोन्ही नावास्नी ओ देतोय आम्ही. तुम्हाला आत्ता कळलं व्हय? एवढी पुस्तकं वाचून?”

आप्पा खाली बसले. आपण हे आधी कसं बघितलं नाही? पण लगेच दुसरं मन म्हणालं, कशावरून? तुला ‘नाही’ लिहायचं नाही म्हणून तू गोष्ट रचतोयस. अंजनी खरोखर दुसरी असेल. रात्री झोपेत त्यांना तांदळाचं ताट दिसत राहिलं. त्यातलं नाव वाचायला वाकलं की वारा यायचा आणि तांदूळ सारखे व्हायचे.

शनिवारी ते ऑफिस उघडायच्या आधी दारात हजर होते.

“सौम्या, त्याला परत एक विचार. जयाबाईंचं विचारू नको. उचगावच्या महादेवांची अंजनी लग्न होऊन कुठं गेली, ते विचार.”

तिनं लिहिलं. या वेळी उत्तराला थोडा वेळ लागला. मग पडद्यावर एक कागद आला, आप्पांनी कधीही न बघितलेला. कन्नडमधलं प्रतिज्ञापत्र होतं ते, निपाणीच्या ऑफिसात बारा वर्षांपूर्वी केलेलं. शाळेच्या दाखल्यावर एक नाव आणि आधार कार्डावर दुसरं, म्हणून एका विडी कामगार बाईची पेन्शन अडली होती. सौम्यानं ते वाचून मराठीत सांगितलं, “मी जयाबाई, वय साठ. माझं लग्नापूर्वीचं नाव अंजनी, वडिलांचं नाव महादेव, माहेर उचगाव. दोन्ही नावांची व्यक्ती मीच.”

खाली एआय नम्रपणे म्हणत होतं, ‘अंजनी आणि जयाबाई एकच असण्याची शक्यता आहे. खात्री करून घ्यावी.’

“अगं बाई,” सौम्या म्हणाली. “मग हे काल का सांगितलं न्हाय त्यानं?”

“काल आपण विचारलं न्हवतं,” आप्पा हळूच म्हणाले. “मी तर अठ्ठावीस वर्षं विचारलं न्हवतं.”

एक कागद निपाणीच्या कपाटात, एक बेळगावच्या, आणि एक आप्पांच्या वहीत. तिन्ही एकाच बाईचे. पण एकमेकांना कधी भेटले नव्हते. काल आणि आज मिळून ते भेटले. सौम्यानं तिथल्या तिथं निपाणीच्या ऑफिसला फोन लावला. तिथला कारकून राजकुमार म्हणाला, “जयाबाई? हायत की. आमच्या गल्लीतच. डोळ्याचं आपरेशन झालंय, दारात ऊन खात बसत्यात.”

“आप्पा, नंबर घेते. फोनच करून सांगूया.”

“नको. त्यांनी पत्रानं विचारलंय.” आप्पा थांबले. “आणि खात्री करून घ्यावी म्हणतंय ते.”

रविवारी आप्पा सिटी बसनं उचगावला गेले. का चाललोय, हे त्यांना नीट सांगता आलं नसतं. मृत्युपत्रातली ती एक ओळ त्यांना तिकडं ओढत होती. फ, फणस. सगळ्या वह्यांत फणसाची ती एकच नोंद होती. महादेव ती सांगताना हसले होते. ‘लिवा, कारकून. लेकीनं लावलाय, लई लहान होती तेव्हा. गरे खाल्ले आणि आठळी पुरली.’

विचारत विचारत घर सापडलं. दुपार कलली होती. अंगणात कुणी नव्हतं. पलीकडं कुठंतरी दळपाच्या गिरणीचा आवाज एका सुरात चालला होता. घराच्या मागं परड्यात एक झाड उभं होतं. एवढं मोठं की त्याच्या सावलीत संध्याकाळ आधीच येऊन बसल्यासारखी वाटत होती. बुंध्याला लहान लहान फणस धरले होते, हिरवे, काटेरी, मुठीएवढे. आप्पा कुंपणाशी उभे राहून बघत राहिले. आपल्या अक्षरातली एक ओळ अशी डोक्यावर वीस हात पसरलेली त्यांनी पहिल्यांदाच बघितली.

“कोण पाहिजे आप्पा?” घरातून एक तरुण बाई बाहेर आली. ती रवळूची सून, नीलम. रवळू जाऊन तीन वर्षं झाली होती.

“कोण न्हाय. झाड बघत होतो. जुनं दिसतंय.”

“अंजनीचा फणस व्हय? लई जुना. पण गरे बघा एकदा खाऊन, मधागत.”

आप्पांनी कुंपणाचा खांब धरला. “काय म्हटलीस? कुणाचा?”

“अंजनीचा. ह्येची जातच ती. कापा, बरका, तसा हा अंजनीचा. सासरे तसंच म्हणायचे. पाव्हण्यास्नी वाटताना सांगायचे, अंजनीचा हाय, आठळ्या टाकू नका.”

म्हणजे रवळू. बापानं तुझं नाव घेतलं नाही असं बहिणीला सांगणारा रवळू. दर ज्येष्ठात तो स्वतः ते नाव घेत होता.

आप्पांचा स्वभाव असा, की तोंडापर्यंत आलेली गोष्ट ते दहादा गिळत. पण आज गिळता येईना.

“पोरी, ती जात न्हवं. ती बाई हाय. तुझी आत्तेसासू.”

नीलम कुंपणाजवळ आली. “आत्ती एकच हाईत आमच्या. निपाणीच्या जयाआत्ती.”

“त्याच. माहेरची अंजनी.”

“अगं आई गं.” तिनं झाडाकडं बघितलं, जणू ते आत्ताच तिथं येऊन उभं राहिलं होतं. “मी लग्न होऊन आले तवापास्नं त्या कधी आल्याच न्हाईत. का म्हणून विचारलं की सासरे उठून जायाचे.” मग पदराला हात पुसत, “तुम्ही भेटणार हाईसा त्यास्नी?”

“पत्र लिहिणार हाय.”

“मग लिवा, ज्येष्ठात पिकत्यात म्हणून. न्यायला या म्हणावं. न्हायतर मी घेऊन येते.”

परतीच्या बसमध्ये आप्पांना खिडकीची जागा मिळाली. शेतांवर धुरकट सोनेरी उजेड पडला होता, आणि त्यांना वाटलं की बस चालत नाहीये, झाडंच एकेक करून कुठंतरी परत चालली आहेत.

सोमवारी सकाळी टेबलावर सौम्यानं एक छापील कागद ठेवला होता. एआयकडून करून घेतलेला मसुदा. आप्पांनी तो वाचला. चांगला होता, एकही चूक नव्हती. विषय, संदर्भ, तारीख, कलम, वारस म्हणून प्रत मिळण्याचा हक्क, सगळं. ‘विलंबाबद्दल दिलगिरी’ हेसुद्धा होतं. आप्पांनी तो पाठीमागं जोडायला ठेवला, मृत्युपत्राच्या प्रतीबरोबर. मग कोरा कागद घेतला आणि लेखणीचं टोपण काढलं.

‘जयाबाईंस परसूचा नमस्कार. तुमचं पत्र तेव्हाच पोचलं होतं. उत्तर द्यायला उशीर झाला तो ऑफिसचा नव्हे, माझा. मी कागदात जया हे नाव शोधलं, मिळालं नाही, आणि तसं कळवायचं धैर्य झालं नाही. तुमच्या वडिलांच्या तोंडी तुम्ही अंजनी असाल, हे मला सुचलं नाही. सुचायला हवं होतं.

तुम्ही विचारलं होतं, नाव आहे का. आहे. त्यांनी सांगितलं तसं मी माझ्या हातानं लिहिलं होतं. परड्यातला फणस माझी मुलगी अंजनी हिनं लावलेला आहे. त्याची फळं तिनं हयातभर न्यावीत. कोणी हरकत करू नये. तिनं यावं.

शेवटची दोन अक्षरं ‘तिनं यावं’ ही कागदात नकोत, असं वकीलसाहेब म्हणाले होते. तुमचे वडील म्हणाले, असू द्या.’

इथं ‘अक्षरं’ खोडून त्यांनी ‘शब्द’ केलं. पूर्वी एक खाडाखोड झाली की ते नवा कागद घेत. आज घेतला नाही.

‘काल मी झाड बघून आलो. उभं आहे. फळ धरलंय. घरात सगळे त्याला अंजनीचा फणस म्हणतात, रवळूसुद्धा तसंच म्हणत होते. त्यांची सून नीलम हिनं निरोप दिलाय. ज्येष्ठात पिकतात. न्यायला या, नाहीतर ती घेऊन येईल. मला क्षमा करता आली तर करा.’

पाकिटावर पत्ता लिहिताना ते क्षणभर थांबले. पोस्टमन ज्या नावानं ओळखतो ते वर लिहिलं. खाली कंसात, जरा मोठ्या अक्षरात, अंजनी.

“मी टाकते की आप्पा, कोर्टाकडंच चाललेय,” सौम्या म्हणाली.

“नको. जातो मी.”

पोस्टात गर्दी नव्हती. खिडकीतल्या मुलीनं पाकीट वजनाला ठेवलं आणि कन्नडमध्ये विचारलं, कुठं जायचंय. आप्पांनीही कन्नडमध्येच सांगितलं, निप्पाणीगे, निपाणीला. तिनं शिक्का उचलला. तो पाकिटावर पडेपर्यंत आप्पा खिडकीच्या गजाला धरून उभे होते. मग तिनं पाकीट पाठीमागच्या पोत्यात टाकलं आणि विचारलं, आणखी काही?

आप्पांनी मान हलवली. काही नाही.